वेटिंगवरचा लमसेना

मुंबईहून आलेल्या पत्रात होय नव्हतं आणि नाहीही नव्हतं. होय असतं तर गुणवंताच्या बापानं, दादाजींनी, गोंडपिपरीच्या बाजारातून पेढे आणून घरोघर वाटले असते. नाही असतं तर गुणवंता चार दिवस तोंड पाडून हिंडला असता आणि पाचव्या दिवशी बापामागं बांधावर गेला असता. पण पत्रात लिहिलं होतं की आपलं नाव वेटिंग लिस्टवर ठेवलं आहे. निवडलेल्यांपैकी कोणी जागा सोडली तर आपला विचार होईल. तोवर माणसानं आपल्या जिवाचं काय करायचं, ते काही लिहिलं नव्हतं.

अठ्ठावन्न साल होतं. मुंबईत धंद्याचं शास्त्र शिकवणारी एक नवी संस्था निघाली होती. माल कसा घ्यावा, कुठं विकावा, माणसांकडून काम कसं करवून घ्यावं, हे सगळं तिथं वर्गात बसवून शिकवणार होते. गुणवंता नागपुरात बी.कॉम. झाला, आणि तिथल्या एका प्राध्यापकांच्या तोंडून या संस्थेचं नाव ऐकल्यापासून त्याला दुसरं काही सुचेनासं झालं. हे दार उघडलं तर आपण जन्माचे सुटलो, नाही तर चांद्याच्या एखाद्या धानगिरणीत मान मोडून कारकुनी करायची, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. बाविसाव्या वर्षी माणूस असं फार लवकर ठरवतो.

दादाजींना मुळात ही शाळाच पटली नव्हती. "धंदा का शाळेत शिकतेत?" ते म्हणाले. "पण तुले जाचंच हाय तर एक काम कर. आपला चिन्नोर तांदूळ घे पोतंभर, अन् तिथच्या मोठ्या मास्तरच्या घरी नेऊन टाक."

"बाबा, तिथी असं चालत नाई. शिफारस आणली तर नाव काटू म्हणून लिवलं हाय."

"चालत नाई असं सारेच म्हणतेत," दादाजी म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

गुणवंताच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी उठून पोस्टात जायचं, दुपारी पुन्हा जायचं. पोस्टमन त्याला लांबून पाहून गल्ली बदलायला लागला. जेवायला बसला तर अर्ध्यातून उठायचा, आणि कशासाठी उठलो हे अंगणात जाऊन आठवायचा. आईनं त्याच्या डोक्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण दृष्ट कुणाची लागली नव्हती. पत्राची शेवटची ओळ लागली होती. अर्ज केल्यानंतर उमेदवारानं काही नवं काम हाती घेतलं असेल तर ते अवश्य कळवावं, अशी ती ओळ. आपण अर्ज केल्यापासून नवं काय केलं, याचा गुणवंता विचार करू लागला. आंबे खाल्ले होते. पोळीला तूप कमी पडलं म्हणून आईशी भांडण केलं होतं. कळवण्याजोगं एवढंच होतं.

शेवटी तो मोटरीत बसून गडचिरोलीला मुश्ताकभाईंकडे गेला. मुश्ताकभाईंकडे त्या भागातल्या डिंकाचा ठेका होता, आणि दादाजींशी त्यांचा जुना घरोबा. बाजारात त्यांचं दुकान. बोलता बोलता डिंकाचा खडा उचलून उजेडात धरून पाहायची त्यांना सवय होती. पत्रातला मजकूर त्यांनी मराठीत ऐकून घेतला.

"ना हो म्हटलं ना नाई म्हटलं," ते म्हणाले. "पक्के धंदेवाले दिसतेत बाप्पा. गिऱ्हाईक बी सोडाचं नाई, अन् भाव बी सांगाचा नाई."

"अन् भाऊ," गुणवंता तापून म्हणाला, "काई पोट्टे कसे रायतेत मालूम हाय का? दोन-दोन जागी नाव देऊन ठेवतेत. जाचं एका जागी, अन् अडवून बसाच्या दोन. मागं कोण उभा हाय याचं त्याइले कायी घेणं-देणं नाई. असा एखादा मले भेटला ना, तर गचांडी धरून उठवीन."

"भेटला तर उठव," मुश्ताकभाई म्हणाले. "तोपर्यंत बस, चहा घे."

तेवढ्यात धानोऱ्याकडच्या जंगलातला कोलू कावड घेऊन दुकानात आला. कोलू गोंड, पन्नाशीचा, कोसमटोला नावाच्या वस्तीचा जाणता माणूस. त्याच्या टोपल्यांत धावड्याचा डिंक होता आणि डिंकाइतकीच झाडाची साल होती. मुश्ताकभाईंनी ओंजळ भरून वर घेतली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोलू, हा डिंक हाय का सरपण? निवडून आणत जा म्हणता म्हणता मायी जीभ झिजली. पांढरा वेगळा, पिवळा वेगळा. चांगला भाव देतो म्हणून राह्यलो ना मी."

"एकट्यानं निवडून का होते, भाऊ?" कोलू म्हणाला. "टोपलीभर निवडला तं तुमी म्हणता, एवढ्याशा मालाले वेगळी गाडी कोण लावते."

"मंग साऱ्या टोल्यानं निवडा."

"साऱ्या टोल्याले बसवाचं कोणं?"

गुणवंता चहाची बशी खाली ठेवून ताडकन उभा राहिला. मुंबईच्या शेवटच्या ओळीचं उत्तर त्याच्यासमोर टोपलीत पडलं होतं. सारा टोला एकत्र बसवायचा, डिंक निवडायचा, प्रतवारी लावायची, एका गाडीत घालून आणायचा. त्याला नाव द्यायचं सोसायटी, आणि सेक्रेटरी आपण व्हायचं. मुंबईत बसलेल्या कोणत्या उमेदवाराकडं असलं नवं काम असणार होतं? त्यानं तिथल्या तिथं कोलूला सांगून टाकलं की मी तुझ्याबरोबर येतो.

धानोऱ्याच्या वाटेवर कोलूनं विचारलं, "रोजी का घेशीन?"

"कायी नाई."

"फुकट करशीन? काऊन?"

आता वेटिंग लिस्ट ही चीज कोलूला कशी सांगायची? गुणवंतानं ती जमेल तेवढी सोपी करून सांगितली. "कोलूभाऊ, मी वेटिंगवर हावो. मोठ्या घरी मायं नाव देलं हाय. ते लोक पाहून राह्यले, का पोरगा कामाचा हाय का नाई. काम दिसलं त्याइले, का मंग आत घेतेत."

कोलू चालता चालता थांबला. त्यानं गुणवंताकडं पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं, खांद्यावरची कावड बदलली आणि मान हलवली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "काम पाह्यल्याबिगर कोण देईन?"

किती समजूतदार माणूस आहे, असं गुणवंताला वाटलं. बी.कॉम. झालेल्या मित्रांनाही जे धड कळत नव्हतं ते यानं एका दमात समजून घेतलं. कोसमटोल्यावर कोलूच्या घराला लहानथोर सगळे 'मोठं घर' म्हणतात, हे त्याच्या कानांवर पहिल्याच दिवशी पडलं. पण ज्याला आपल्याच घाईनं घेरलं आहे त्याच्या कानांत असल्या गोष्टी टिकत नाहीत.

मे महिना जंगलात गेला. गुणवंतानं कोलूच्या अंगणात बांबू तोडून मांडव उभारला, डिंक वाळवायला चटया अंथरल्या. पहाटे पुरुषांबरोबर धावड्याच्या झाडांवर जायचं, दुपारी बायकांबरोबर निवडायला बसायचं, आठवड्याला बैलगाडी भरून गडचिरोलीला न्यायची. कुंपण मोडलं होतं तेही त्यानंच नीट केलं, कारण डिंकात बकऱ्या शिरत होत्या. रिकामं बसवत नव्हतं म्हणून पाणीही भरायचा. हात थांबले की मुंबई आठवायची. सारा टोला त्याला शेक्रेटरी म्हणू लागला. म्हाताऱ्या बायका त्याला घागर उचलताना पाहून एकमेकींना काहीतरी सांगायच्या आणि पदरात हसायच्या. शहरातला पोरगा पाणी भरतो म्हणून हसत असतील, असं त्याला वाटायचं.

निवडण्याचं काम कोलूची मुलगी सोमारी पाहायची. वीस-बावीसची असेल. बोलायची कमी, आणि सूप हातात घेतलं की कुणाकडं पाहायची नाही. मात्र गुणवंतानं पांढऱ्यात पिवळा खडा टाकला तर तो उचलून मुकाट त्याच्या गुडघ्यावर ठेवायची. त्यानं तिच्या कामाबद्दल मुंबईला लिहिलं नाही. त्यानं लिहिलं की मी आदिवासींची सहकारी सोसायटी स्थापन केली आहे, तिच्या मालाला आता चांगली मागणी आहे, आणि मी स्वतः त्यांच्यात राहून काम करतो. यातलं खोटं काहीच नव्हतं. फक्त हे सगळं पत्रासाठी चाललं होतं, आणि टोल्याला वाटत होतं की डिंकासाठी चाललं आहे.

म्हणजे, डिंकासाठी चाललं आहे असं टोल्याला वाटतं, असं त्याला वाटत होतं.

जूनच्या सुरुवातीला मुंबईचं उत्तर मुश्ताकभाईंच्या पत्त्यावर आलं. आपलं काम उल्लेखनीय वाटलं, असं त्यात होतं. तालुक्याच्या सहकारी अधिकाऱ्यानं गावात येऊन सोसायटी पाहावी आणि तसा दाखला द्यावा. तो मिळाल्यास आपलं नाव यादीत वर घेण्याचा विचार करू. गुणवंतानं मुश्ताकभाईंच्या दुकानातच उडी मारली. अधिकाऱ्याला भेटून आला. पंधरवड्यात येतो, असं अधिकारी म्हणाला. आता काही झालं तरी त्या दिवसापर्यंत कोसमटोल्यावरून हलायचं नाही, असं ठरवून तो परत आला. टोल्यावर पोचला तेव्हा कुंपणाबाहेर एक तरुण उभा होता. उंच, खांद्यावर कुऱ्हाड. त्यानं गुणवंताला नीट पाहून घेतलं, मांडवाचे बांबू पाहिले, नव्या कुंपणावरून हात फिरवला आणि निघून गेला.

"कोण होता?" गुणवंतानं सोमारीला विचारलं.

"लालसू. पुसेरटोल्याचा." ती डिंक पाखडत राहिली. मग तिनं सूप खाली ठेवलं. "शेक्रेटरी, तुले एक विचारू? तुले मी पाह्यजे हावो का?"

गुणवंताला ठसकाच लागला. "मले? काऊन? म्हंजे... कोण म्हटलं असं?"

"तूच म्हटला ना बाबाले. मोठ्या घरी नाव देलं, काम पाहून आत घेतेत म्हणून. हेच तं मोठं घर हाय." ती त्याच्याकडं सरळ पाहत होती. "तू आमच्या घरचा लमसेना हायस. साऱ्या टोल्याले मालूम हाय. तुलेच नाई मालूम?"

लमसेना म्हणजे काय ते तिनंच त्याला सांगितलं. ज्याला एखाद्या घरची मुलगी हवी असते तो पोरगा त्या घरी येऊन राहतो आणि राबतो. लाकडं तोडतो, पाणी भरतो, कुंपण घालतो. घरचे त्याला पाहतात, मुलगी त्याला पाहते. मनात बसला तर लग्न लागतं. कोलूनं आपल्या तरुणपणी असंच तिच्या आईच्या घरी राबून तिला मिळवलं होतं. फुकट राबणारा, मोठ्या घराचं नाव घेणारा, अंगणात झोपणारा पोरगा पाहून टोल्यानं दुसरं काय समजायचं होतं? म्हाताऱ्या बायका का हसत होत्या तेही गुणवंताला आता कळलं, आणि त्याचे कान तापले.

"सोमारी, तसं नाई हाय," तो म्हणाला. "मुंबईची शाळा हाय. तिथी मायं नाव वेटिंगवर हाय." मग त्यानं पत्राची सगळी हकिकत तिला सांगितली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

तिनं सगळं ऐकून घेतलं. राग आला असेल तरी तिनं दाखवला नाही. "मंग उठ," ती म्हणाली. "लालसूले याचं हाय इथी. माया मनात बी तोच हाय. पण बाबा त्याले म्हणून राह्यला, का अंगणात एक लमसेना असताना दुसरा ठेवणं बरं नाई दिसत, थांब. तो पावसापर्यंत थांबन, अन् मंग कोळशाच्या खाणीत जाईन. खाणीत गेलेले पोट्टे परत येत नाईत."

"दहा-पंधरा दिवस," गुणवंता म्हणाला. "तेवढा साहेब येऊन जाऊ दे. आता खरं सांगतलं तं कोलूभाऊ रागावन, सोसायटी मोडन, अन् मायी सीट जाईन. साहेब गेला का मीच सांगतो कोलूभाऊले."

सोमारीनं सूप पुन्हा हातात घेतलं. "तू त्याइची वाट पाहून राह्यला," ती म्हणाली, "अन् लालसू तुयी."

गुणवंताला लाज वाटली. खरी लाज वाटली. मुश्ताकभाईंच्या दुकानात आपण कुणाची गचांडी धरणार होतो तेही आठवलं. रोज सकाळी तो कोलूला सांगायचं ठरवून उठायचा. पण कोलू त्याच्या भाकरीवर मधाचं बोट ओढायचा, आणि गुणवंता मनाशी म्हणायचा, उद्या. साहेब येऊन गेल्यावर. एवढी एक पायरी चढलो की सगळं निस्तरू. असं म्हणत त्यानं ते दिवस काढले, आणि काम मात्र दुप्पट केलं, जणू कामानं तोंड बंद ठेवल्याची भरपाई होणार होती. झालं उलटंच. कोलू त्याच्यावर आणखी खूश झाला.

साहेब आला, मांडव पाहिला, तीन प्रतींचा डिंक पाहिला, चकित झाला. "हे सेक्रेटरी इथंच राहतात?" त्यानं कोलूला विचारलं.

"आमच्याच घरी रायते," कोलू म्हणाला. "आता घरचाच हाय."

सोमारी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. गुणवंतानं तिच्याकडं पाहिलं नाही. साहेबानं दाखल्यात लिहिलं की सेक्रेटरी गावाशी पूर्ण एकरूप झाले आहेत. दाखला मुंबईला गेला. त्या दिवशीही गुणवंता कोलूला काही बोलला नाही, कारण आता दाखला गेला होता आणि उत्तर यायचं होतं, आणि उत्तर येण्याआधी सोसायटी मोडली तर सगळंच मुसळ केरात. माणूस एकदा उद्यावर गेला की त्याला कारणांची कमी पडत नाही.

आभाळ भरून यायला लागलं. वैनगंगेचं पाणी चढलं की चांद्याची मोटर बंद होणार, म्हणून शेवटची गाडी लवकर भरली. ती घेऊन तो गडचिरोलीला गेला तर मुश्ताकभाई दुकानाच्या पायरीवर पाकीट घेऊनच उभे होते. एका निवडलेल्या उमेदवारानं दुसरीकडं प्रवेश घेतल्यामुळं त्याची जागा मोकळी झाली आहे, असं पत्रात होतं. आपली निवड करण्यात आली आहे. अमुक तारखेच्या आत हजर व्हावं, न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल. मुश्ताकभाईंनी त्याला मिठी मारली, दुकानात गूळ वाटला. गुणवंताचा आनंद खोटा नव्हता. त्यानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, छातीशी धरलं, आणि मग ते वाक्य पुन्हा वाचलं. दुसरीकडं प्रवेश घेतल्यामुळं. म्हणजे कोणीतरी इतके दिवस ती जागा नुसती अडवून बसला होता.

"मले कोसमटोल्यावर जाऊन येऊ द्या," तो म्हणाला.

"वेडा हास का? नदी चढून राह्यली. याच मोटरनं चांद्याले जा, कोलूले मी सांगतो."

"तुमी नका सांगू भाऊ," गुणवंता म्हणाला. "उद्याची मोटर धरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो कोसमटोल्यावर पोचला तेव्हा कोलू अंगणात दोरी वळत बसला होता. सोमारी चटया गुंडाळत होती. सांगायचं कसं याची गुणवंतानं वाटभर जुळवाजुळव केली होती, समोर गेल्यावर त्यातलं एवढंच बाहेर आलं: "कोलूभाऊ, मी जातो आता."

कोलूचे हात थांबले. लमसेना लग्नाआधी उठून जातो याचा अर्थ त्याच्या हिशेबी दोनच प्रकारचा होता. एक तर पोरानं घराला लाथ मारली. मग त्या घराची मान खाली, आणि पुढं कोणताही चांगला पोरगा त्या अंगणात यायला दहादा विचार करतो. नाही तर मुलीचं मन बसलं नाही. त्यानं सोमारीकडं वळून गोंडीत काहीतरी विचारलं.

"थांबा, कोलूभाऊ," गुणवंता म्हणाला, "मी सांगतो. मी..."

"मी नाई म्हटलं त्याले," सोमारी मराठीत म्हणाली. गुणवंताला कळावं म्हणूनच मराठीत. "कामाचा हाय. पण मायं मन नाई बसलं."

कोलूनं हातातली दोरी खाली ठेवली. मग तो उठला, परसात गेला आणि एक काळी बकरी दोरीनं धरून घेऊन आला. दोरी त्यानं गुणवंताच्या हातात दिली. मुलीनं नाही म्हटलं तर राबलेल्या पोराला रिकाम्या हातांनी पाठवायचं नाही, अशी त्यांची रीत होती. "तू लय राबला," तो म्हणाला. "पाणी भरलं, कुंपण घातलं, डिंकाले भाव आणला. चूक तुयी नाई. पोरीचं मन हाय, त्याले मी का करू? आमाले माफ कर."

ज्या माणसाच्या अंगणात गुणवंतानं खोट्यानं दोन महिने काढले तो माणूस त्याची माफी मागत होता. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की मी लमसेना नव्हतोच, मी तुमचा कोणी नव्हतोच, मी एका कागदासाठी आलो होतो. पण तसं सांगितलं असतं तर सोमारी बापासमोर खोटी पडली असती, आणि मोठ्या घराला लाथ मारल्याचा डाग कायमचा राहिला असता. ही मुभा तिनं त्याला ठेवली नव्हती. त्यानं दोरी घट्ट धरली, वाकून कोलूच्या पायांना हात लावला आणि निघाला.

सोमारी कुंपणापर्यंत आली. "डिंक मी निवडून घेईन," ती म्हणाली. "मुश्ताकभाईले सांगजो, गाडी थांबवू नको म्हणा." मग म्हणाली, "पुसेरटोला वाटेतच हाय."

पुसेरटोला तसा वाटेत नव्हता. नाला ओलांडून आत जावं लागत होतं, आणि बकरी चालायला तयार नव्हती. पाऊस थेंब थेंब सुरू झाला होता. दुपारची मोटर चुकली तर नदी चढून वाट बंद होईल, वाट बंद झाली तर तारीख जाईल, आणि तारीख गेली तर मुंबईत यादीतला पुढचा माणूस त्याच्या खुर्चीवर बसेल. एवढं सगळं डोक्यात ओरडत असताना गुणवंता बकरीला ओढत नाल्यातून वर चढला. उन्हाळाभर पायाला लागलेली भिंगरी पहिल्यांदा त्याला दुसऱ्याच्या कामासाठी पळवत होती.

लालसू दारात बसून कुऱ्हाडीला नवा दांडा ठोकत होता. शेजारी गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. त्यानं गुणवंताला पाहिलं, बकरीला पाहिलं, आणि हात थांबवला.

"जागा मोकळी झाली," गुणवंता म्हणाला. त्याला धाप लागली होती. "कोलूभाऊच्या अंगणातली. तू खाणीत नको जाऊ."

लालसू उभा राहिला नाही, हसलाही नाही. बकरीच्या दोरीकडं पाहत त्यानं विचारलं, "तू सोडली?"

गुणवंताच्या खिशात पत्र होतं. त्यावर त्याचं नाव टाइप केलेलं होतं, आणि आपली निवड करण्यात आली आहे असं लिहिलेलं होतं. उन्हाळाभर 'नाही' हा एकच शब्द कानांवर पडू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा करत होता. हो, मी सोडली, असं म्हणणं सोपं होतं आणि ते खरंही होतं. पण लालसूनं दुसऱ्यानं टाकलेल्या घरात का जावं?

"नाई," गुणवंता म्हणाला. "सोमारीनं मले नाई म्हटलं. तिच्या मनात तू हायस."

लालसूनं कुऱ्हाड बाजूला ठेवली. त्यानं सरकून दारात जागा केली, आत जाऊन भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणलं आणि गुणवंताला दिलं. गुणवंतानं बकरीची दोरी त्याच्या हातात ठेवली. "तिथी जाशीन तं ही घेऊन जाजो," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं जाऊ नको."

लालसूनं दोरी घेतली. गुणवंता पाणी पीत होता तोवर तो त्याच्याकडं पाहत राहिला, आणि मग घरच्या थोरल्या माणसासारखा त्यानं गुणवंताच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाले लावून घेऊ नको," तो म्हणाला. "कुंपण चांगलं घातलं तू. तुले बी भेटन एखादं घर."

"भेटन," गुणवंता म्हणाला, आणि खिशातलं पत्र तसंच दाबून धरून मोटरीच्या वाटेला लागला.